तुझ्या आईला पाठवलेला फोटो

तुझी आई म्हणते, तू गेलेला नाहीस. आणि पुरावा म्हणून ती मी काढलेला तुझा शेवटचा फोटो दाखवते.

हे तुला सांगितल्याशिवाय मला राहवत नाही, कारण यात हसण्यासारखं काय आहे ते फक्त तुलाच कळलं असतं. उभा जन्म तू लोकांच्या माणसांचे शेवटचे फोटो काढलेस, गावोगावच्या आयांना पाठवलेस, आणि एकीनेही कधी 'हा माझा नव्हे' असं म्हटलं नाही. मी एकच काढला, तोही तुझा, आणि तो परत आल्यात जमा झाला. मास्तर गेल्यावर विद्यार्थिनीचा निकाल लागला म्हण.

आईंसमोर मी तुला 'अहो' म्हणायचे आणि दार लोटलं की 'तू'. आता दार लोटलेलंच आहे. आपली लेक, मीनू, कॉलेजला गेलीय. खाली कुणाच्या तरी फ्लॅटमध्ये फरशी कापायचं मशीन सकाळपासून किंचाळतंय, आणि मी तुझ्या टेबलापाशी बसलेय. तुझ्या खुर्चीवर मला बसवत नाही, म्हणून स्वयंपाकघरातलं स्टूल आणलंय.

आपलं लग्न झालं तेव्हा तू आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचास. मिनिस्ट्रीत असिस्टंट, आणि मराठी मंडळात 'फोटोवाले वसंतराव'. बारसं, मुंज, हळदीकुंकू, गणपती, कुठेही तू गळ्यात कॅमेरा घालून हजर. पण तू आणखी एक काम करतोस हे लग्नाआधी मला कुणी सांगितलं नव्हतं. नवी नवरी होते मी. एक दिवस एक गृहस्थ दारात आले, हळू आवाजात काही बोलले, आणि तू भरल्या ताटावरून उठलास. परत आलास तो सरळ मोरीत गेलास, डोक्यावरून पाणी घेतलंस. मी विचारलं, "कुणाचं बारसं होतं?" तू म्हणालास, "बारसं नव्हतं."

मग समजलं. दिल्लीत आपला माणूस गेला की त्याचे आईबाप, बहिणी, सगळे तिकडे कऱ्हाडला, बार्शीला, उदगीरला. गाडी पकडून ते पोचणार दोन दिवसांनी, आणि दिल्लीच्या उन्हाळ्यात प्रेत तेवढं थांबत नाही. म्हणून मंडळाने रीतच पाडली होती. इकडे तिरडी बांधायला घ्यायची आणि तिकडे वसंतरावांना बोलवायचं. फोटो निघायचा, रोल धुतला जायचा, आणि गावी पाठवलेल्या पाकिटातून त्या लोकांना अंत्यदर्शन व्हायचं. कॅन्टोन्मेंटमधले आपले जवान तर तुला नावाने ओळखायचे. त्यांची पोरं जन्मली तरी तू, आणि त्यांच्या घरात कुणी गेलं तरी तूच.

त्या फोटोंचा तुझा एक नियम होता. गेलेल्या माणसाच्या अंगावर कुणाचा तरी हात हवा. बायकोचा, भावाचा, कुणीच नसेल तर शेजाऱ्याचा. "आई आधी तोंड बघते," तू म्हणायचास, "आणि मग शोधते की जवळ कोण होतं. तो एकटा नव्हता, एवढं तिला दिसलं पाहिजे." मला तेव्हा तुझी किळस आली होती, हे मी तुला त्याच दिवशी सांगितलं होतं, त्यामुळे आता लपवण्यात अर्थ नाही. तू हसलास आणि म्हणालास, "तुला फोटो बघता येत नाही अजून."

खरंच येत नव्हता. तू एक फोटो पुढे टाकायचास आणि विचारायचास, काय दिसतं? मी म्हणायचे, बाई उभी आहे. आणखी? हसतेय. आणखी? आता आणखी काय असणार, माझं कपाळ? मग तू दोन जुन्या लग्नपत्रिका घ्यायचास आणि त्या बाईचा चेहरा झाकायचास. "आता बघ." चेहरा गेला की हात दिसायचे. पदराचं टोक मुठीत आवळून धरलेलं. पत्रिका खाली सरकवलीस की पाय दिसायचे, चपलेतली बोटं आत ओढून घेतलेली. फोटो काढायच्या आदल्या दिवशी तिचा नवरा सीमेवर निघून गेला होता, हे तू मला नंतर सांगितलंस. चेहरा फोटोसाठी असतो, तू म्हणायचास, बाकीचा माणूस स्वतःसाठी असतो. मी म्हटलं, हे वाक्य ऑफिसच्या फायलीवर लिहून ठेव, प्रमोशन मिळेल.

तुझा दुसरा धडा होता कडांचा. तो मला नोएडात कळला. सोसायटीचे फ्लॅट ताब्यात मिळाले त्या दिवशी तू सगळ्यांचे फोटो काढलेस. बिनप्लास्टरच्या इमारती, चिखल, मधोमध सूट घातलेले आपले सरकारी बाबू, हातात किल्ली उंच धरलेली. प्रत्येकाला वाटत होतं की आता आपण मोठे झालो, आता बाजारात परदेशी साबण मिळतो आणि आपल्याला बाल्कनी आहे. फोटो धुऊन आले, मी तू शेजाऱ्याकडून काढवून घेतलेला आपला फोटो हातात घेतला आणि तुझ्या सवयीने मधला भाग झाकला. डाव्या कडेला अर्धा कापलेला एक म्हातारा होता. खाटेवर बसलेला, डोक्याला पागोटं, आपल्याकडे बघत असलेला. ज्या गावाची ती जमीन होती त्या गावातला. किल्ली धरलेला तुझा हात आणि तो म्हातारा एकाच फोटोत होते, आणि तिथे उभे असताना आपल्यापैकी एकालाही तो दिसला नव्हता. मी तो फोटो फ्रेम करू दिला नाही. तू म्हणालास, "आता आला तुला फोटो बघता." आणि इतका खूश झालास की मला तुझा राग आला.

तिसरा धडा, फोटोत जो दिसत नाही तो कुठे उभा होता ते शोधायचं. म्हणजे काढणारा. तो किती लांब होता, वाकला होता की ताठ, समोरच्याला माहीत होतं की नव्हतं. तू म्हणायचास, ते कळलं की काढणाऱ्याचं मन कळतं. मला हे जरा जास्तच वाटायचं. माणूस समोर असताना त्याचं मन कळत नाही, ते फोटोतून काय कळणार.

पण आपलं खरं भांडण त्या शेवटच्या फोटोंवरूनच होतं, आणि ते तसंच राहिलं. एका दिवाळीत गावी गेलो असताना तू मला माण तालुक्यातल्या एका घरी नेलंस. कॅन्टोन्मेंटमधल्या एका हवालदाराची बायको तापाने गेली होती, तिची आई तिथे राहायची. मुद्दाम नेलंस तू मला, तुझी बाजू पटवायला. म्हातारीने चहा दिला आणि न विचारता देव्हाऱ्यातून फोटो काढून आणला. त्या फोटोत मुलीचा चेहराच नव्हता. अंगठा फिरवून फिरवून म्हातारीने तो पुसून टाकला होता. पांढरा डाग उरला होता, आणि खाली नवऱ्याचा हात.

परतीच्या एस.टी.त मी तुझ्याशी भांडले. "काय दिलंस तिला? रोज उकरायला जखम. त्यापेक्षा तिने मुलीला हसतीखेळती आठवलं असतं. न बघितलेलं बरं असतं काही काही." तू खिडकीबाहेर बघत म्हणालास, "न बघितलेलं मरण माणसाला सोडत नाही. तिला हात ठेवायला जागा मिळाली." मी म्हटलं, "मी गेले तर माझा काढू नकोस." तू म्हणालास, "बघू, आधी कोण जातंय." एवढंच. मग कंडक्टर आला, मग मीनूला मळमळायला लागलं, आणि पुढे कित्येक वर्षं आपण तो विषय कधी पोळी लाटताना, कधी बत्ती गेलेली असताना काढत राहिलो आणि कधीच संपवला नाही. मला वाटायचं, आहे की वेळ.

तू ऑफिसला नेणाऱ्या चार्टर्ड बसमध्ये गेलास. रोजची खिडकी, मांडीवर डबा. चार्टर्डमध्ये सगळेच बाबू झोपतात, त्यामुळे तू झोपला आहेस असं सगळ्यांना वाटलं. यमुनेचा पूल गेला, आयटीओ गेलं, सेक्रेटेरिएटला सगळे उतरले आणि तू उतरला नाहीस. कंडक्टर म्हणे तुझ्या खांद्याला हात लावून म्हणाला, "साहब, आ गया." हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. भाजी चिरताना येतं, केस पुसताना येतं. साहब, आ गया.

दुपारी तुला घरी आणलं. मंडळाचे कुलकर्णी आले आणि सगळं त्यांनीच हातात घेतलं. बर्फ, भटजी, गावी फोन. खुब्याचं हाड मोडल्यापासून तुझी आई अंथरुणावर, ती येणं शक्यच नव्हतं. भाऊजी निघतो म्हणाले, पण ते पोचेपर्यंत थांबता येणार नव्हतं. तुझ्या आईने त्यांच्याकडून एकच निरोप दिला होता. "त्येचं तोंड मला दावा." कुलकर्णींनी तो मोठ्याने सांगितला आणि मग हॉलमधले सगळे पुरुष एकमेकांकडे बघायला लागले. कारण असल्या वेळी ज्याला बोलवायचं, तो खाली चादरीवर निजला होता.

"फोटो कोण काढणार, वहिनी?" कुलकर्णींनी मला विचारलं. जसं काही मला माहीत असणार. मीनू म्हणाली, "आई, प्लीज, मी नाही. बिल्कुल नाही." मी कपाटातून तुझा कॅमेरा काढला. अर्धा रोल वापरलेला होता. सगळ्यांना बाजूला व्हायला सांगितलं, खिडकीचा पडदा सरकवला, तू सरकवायचास तसा. तोंडावर उजेड आला. मग आठवलं, हात हवा. कुणाचा हात ठेवू? मीनू तर भिंतीला चिकटली होती. मग मी तुझ्या बाजूला गुडघ्यावर बसले, डावा हात तुझ्या छातीवर ठेवला आणि उजव्या हाताने कॅमेरा धरून बटण दाबलं. तुझा सदरा थंड आणि ओला झाला होता. त्या क्षणी मी तुला शिव्या देत होते, वसंता. ज्या गोष्टीवरून जन्मभर भांडले ती तू मला करायला लावलीस, आणि ती शिकवूनही ठेवली होतीस.

रोल मीनूने मार्केटातल्या कलर लॅबमध्ये दिला. मी सांगितलं होतं, फक्त शेवटचा फोटो मोठा करून आण, दोन प्रती. पाकीट आलं ते मी उघडलं नाही. धीरच झाला नाही. तेराव्यानंतर भाऊजी परत निघाले तेव्हा एक प्रत त्यांना दिली. त्यांनी पाकिटातून अर्धी वर काढली, डोळे भरून आले, आणि लगेच खाली सरकवली. म्हणजे आम्ही दोघांनीही ती बघितली नाही. बघितली फक्त तुझ्या आईने.

मोतीबिंदू काढल्यापासून तिला लख्ख दिसतं, तुला माहीत आहे. भाऊजी फोनवर सांगत होते. तिने फोटो घेतला, उजेडाकडे धरला, आणि म्हणाली, "ह्यो माजा वसंता न्हवं." भाऊजींना वाटलं, दुःखाने बोलतेय. पण ती शांत होती. म्हणाली, "ह्येचा भांग बग कुनीकडं हाय." तुझा भांग जन्मभर डावीकडे, तिनेच पाडलेला. फोटोत तो उजवीकडे होता. भाऊजी म्हणाले, घाईत कुणीतरी उलटा पाडला असेल. त्यावर ती म्हणाली, "आन् खोक? खोक बी कुनी हलवली?" लहानपणी गोठ्याच्या दगडावर पडून डाव्या भुवईवर झालेली ती खोक. ती उजव्या भुवईवर होती. मग तिने फोटो परत केला आणि म्हणाली, "कुना दुसऱ्या माउलीचा ल्योक हाय ह्यो. तिला धाडा. ती वाट बगत आसंल."

तू गेल्याचं कळल्यापासून ती जेवत नव्हती. त्या दिवशी जेवली. भाऊजींच्या डोक्याकडे बघून म्हणाली, "परक्याच्या मयताला डोकं भादरून आलास व्हय?"

फोन ठेवला आणि मी कपाट उघडून दुसरी प्रत काढली. पहिल्यांदा बघितली. तुझ्यासारखा दिसणारा एक माणूस होता. तुझा चुलतभाऊ असावा असा. काहीतरी चुकलेलं, आणि काय ते चटकन सापडेना. मग तुझ्या सवयीने चेहरा झाकला आणि हात बघितला. तुझ्या छातीवर उजवा हात होता. मी तर डावा ठेवला होता. उजव्यात कॅमेरा होता माझ्या. तेव्हा उलगडलं. मोठा करताना फिल्मची पट्टी मशीनमध्ये पालथी बसली होती. पालथी बसली की डावं उजवीकडे जातं, सगळा माणूस फिरतो. लॅबवाल्याला जाऊन दाखवला. बिचारा वरमला. "भाभीजी, नेगेटिव उल्टा लग गया. किसी को पता नहीं चलता वैसे. दूसरा बना देते हैं." कुणालाच कळत नाही, खरं आहे त्याचं. आईला कळतं.

आणि खरं सांगते, मला तो उलटा फोटो आवडला. मी तो टेबलावर ठेवला. त्याच्याकडे बघत जेवू शकले. तो तू नव्हतास. कुठल्या तरी दुसऱ्या घरातलं दुःख होतं ते, आणि मी सांत्वनाला आल्यासारखी समोर बसले होते.

लॅबवाल्याने नव्या प्रतीबरोबर रोलमधले आधीचे फोटोही छापून दिले. तू काढलेले शेवटचे. ते मी भराभर बघितले, एका दमात. नव्या फ्लायओव्हरचे खांब. बसच्या खिडकीतून दिसणारी क्रेन. मीनू फोनवर बोलताना, वैतागलेली. मी काय शोधत होते माहीत आहे? तुला कळलं होतं का, ते. छातीत दुखत होतं का, कुणाला बोलला नाहीस का. प्रत्येक फोटो झाकून बघितला, कडा बघितल्या. काही नव्हतं. खांब म्हणजे खांब. आणि मग एक फोटो माझा. बाल्कनीत मी कपडे वाळत घालतेय, पाठमोरी. हातात चिमटा, पदर खोचलेला, एक पाय दुसऱ्या पायावर. मला तो काढल्याचं माहीतच नव्हतं. मग मी तू कुठे उभा होतास ते शोधायला लागले. दाराची चौकट डाव्या कडेला आलीय, म्हणजे तू स्वयंपाकघराच्या दारात होतास. दोरीवर एका बाजूला सगळे कपडे घालून झालेत आणि बादलीत एकच उरलाय, आणि तिथूनच काढलेल्या आधीच्या हललेल्या फोटोत ती भरलेली आहे, म्हणजे बराच वेळ होतास. मला हाक मारली नाहीस. नुसता उभा राहून बघत होतास. इतक्या वर्षांत तू मला कधी म्हणाला नाहीस, आणि मी कधी विचारलं नाही, आणि आता तो फोटो माझ्याकडे आहे आणि उत्तर द्यायला तिथे कुणी उभं नाही. त्या दिवशी मी ओरडून रडले. शेजारीण दार वाजवायला लागली.

भाऊजी म्हणतात, "वहिनी, राहू द्या. जेवतेय, झोपतेय. किती दिवस आहेत आता तिचे? दुसरा फोटो नका पाठवू." मीही तेच म्हणत होते. बघ ना, भांडणात मीच जिंकले होते. म्हातारीला हसताखेळता मुलगा मिळाला होता. न बघितलेलं मरण, आणि सुखाची झोप. मला वाटलं, तुला हरवायला एवढं पुरे.

पण सकाळच्या फोनमध्ये भाऊजी जरा चाचरत होते. मी खोदून विचारलं तेव्हा बोलले. तुझी आई आता तुझ्यावर चिडायला लागलीय. रविवार आला की फोनकडे कान लावून बसते. गेलेला नाहीस, तर मग फोन का करत नाहीस? आल्यागेल्याला सांगते, "दिल्लीला गेला आन् तिकडचाच झाला. मोठं घर झालं, बायकू झाली, आता आईसंगं दोन शबुद बोलायला येळ न्हाई त्येला." परवा शेजारणीला म्हणाली, "असला ल्योक नसता तर बरं झालं असतं."

एक रविवार तू कधी चुकवला नाहीस. एसटीडीच्या बूथवर रांगेत भिजलास, ताप असताना गेलास, घरी फोन आल्यावर मला ओरडलास की रविवारी लाईन मोकळी ठेव. आणि ती म्हातारी आता तुला शिव्या देत मरणार. जिवंत ठेवलेल्या मुलाला. मी हे कसं सहन करू? तू गेलास ते माझ्या हातात नव्हतं. पण तू तिला विसरलास, हे तर मी बोलू देतेय. गप्प बसून मीच बोलू देतेय.

तू बरोबर होतास असं मी अजूनही म्हणत नाही. माणमधल्या त्या म्हातारीच्या अंगठ्याने पडलेला पांढरा डाग मला अजून दिसतो. एवढंच म्हणते की उलट्या फोटोने तुझ्या आईचं काही भलं केलेलं नाही, आणि माझंही नाही.

नवी प्रत आतापर्यंत पाकिटातच होती. हे लिहिता लिहिता मी ती काढली. भांग डावीकडे. खोक तिथेच, जिथे मी आपल्या लग्नाच्या पहिल्या आठवड्यात बोट ठेवून विचारलं होतं की हे काय. ओठ जरा उघडे, काही बोलायच्या बेतात असल्यासारखे. मी काहीही झाकलं नाही, कडा बघितल्या नाहीत, कोण कुठे उभं होतं ते शोधलं नाही. तुझी कुठलीच विद्या चालली नाही. हा तू आहेस रे. हा तूच आहेस. आणि तू गेलायस.

पोस्टाने नाही पाठवणार मी हा. मीनूला सांगितलंय, उद्याच्या गाडीने निघतेय. तुझ्या आईच्या अंथरुणाशेजारी बसेन आणि फोटो तिच्या हातात देईन. ती तो उजेडाकडे धरेल, भांग बघेल, खोक बघेल, आणि मग माझ्याकडे बघेल. विचारेल, "ह्यो वसंताच हाय न्हवं?" मला हो म्हणावं लागेल. गावी फोन कुलकर्णींनी केला, ऑफिसला त्यांनीच कळवलं, दारात येणाऱ्यांना मीनूने सांगितलं. तू गेलास, हे मी माझ्या तोंडाने अजून कुणालाही सांगितलेलं नाही. पहिल्यांदा तिलाच सांगणार आहे.